म्युनिकमध्ये चंद्रोदय साडेअकराला

"मॅडम, इथे आल्यापासून देवाधर्माचं काहीच होत नाही. माझी श्रद्धा संपली का हो?" परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला वारंवार येतो. बहुतेक जण तो अगदी शेवटी विचारतात. झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, एकटं वाटतं, हे सगळं आधी बोलून होतं, आणि कॉल संपता संपता हे निघतं.

एका मुलाची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मूळचा सांगलीचा, वय सत्तावीस, म्युनिकमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी. घरी संकष्टी कडक, आणि तोही ती शाळेत असल्यापासून धरायचा. जर्मनीतल्या पहिल्याच उन्हाळ्यात घोळ झाला. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. सांगलीत रात्री दहाला चंद्र उगवतो तेव्हा म्युनिकमध्ये साडेसहा वाजलेले असतात आणि बाहेर लख्ख ऊन. म्युनिकचा स्वतःचा चंद्रोदय जूनमधल्या संकष्टीला रात्री साडेअकराच्या आसपास. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस. अशाच एका संकष्टीला त्याने सहकाऱ्यांबरोबर पाच वाजताच खाऊन घेतलं. रात्री आईचा फोन आला, "सोडलास का उपास?" तो म्हणाला, "हो, चंद्र बघून."

आठवड्याभरात वडिलांच्या छातीत दुखलं आणि अँजिओप्लास्टी करावी लागली. वडील बरे झाले, पण या मुलाच्या मनात दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्या गेल्या. मग रात्री जप सुरू झाला. मध्ये एखादा शब्द चुकला असं वाटलं की पुन्हा पहिल्यापासून, कधी दोन-दोन वाजेपर्यंत.

इथे मी थांबले. असा न थांबवता येणारा जप वरवर भक्तीसारखा दिसतो, पण "नाही केलं तर घरच्यांचं वाईट होईल" या धाकाने तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागत असेल, तर तो मंत्रचळ, म्हणजे ओसीडी हा मानसिक आजार, असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. मी त्याला आधी तिथल्या मनोविकारतज्ज्ञांना भेटायला सांगितलं. त्यांचे उपचार सुरू झाल्यावरच आम्ही श्रद्धेच्या प्रश्नाला हात घातला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. धाकाने गांजलेल्या माणसाशी देवाबद्दल बोलू लागलं, तर प्रत्येक वाक्यात त्याला नवा दोष सापडतो.

पुढे मी त्याला सुटलेल्या एकेका गोष्टीसमोर लिहायला सांगितलं: ही सुटल्याचं दुःख होतं, भीती वाटते, की खरं तर काहीच वाटत नाही? मंगळवारी मांसाहार न करणं यापुढे त्याने लिहिलं, "काहीच नाही." आजोबांबरोबर म्हणायचं अथर्वशीर्ष यापुढे "दुःख". संकष्टीपुढे आधी "भीती" लिहिलं होतं, दोन आठवड्यांनी त्याखाली "दुःखही" असं आलं. गच्चीवर जमलेली माणसं, ताम्हनात सोडलेलं पाणी, मोदकांचा वास, हे सगळं तो बोलता बोलता रडला.

आणखी एक सल होता. नव्या शहरात राहायला गेल्यावर तिथल्या कार्यालयात नाव नोंदवावं लागतं, आणि त्या अर्जात धर्माचाही रकाना असतो. जर्मनीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चच्या सदस्यांकडून सरकारच चर्चकर गोळा करतं. बव्हेरियात तो आयकराच्या ८ टक्के. हिंदूंना हा कर लागत नाही, तरी कोणीतरी सांगितलं म्हणून त्याने "कोणताही नाही" असं भरलं. "मी सहीनिशी लिहून दिलं, मॅडम." कराच्या नोंदीसाठी भरलेला रकाना त्याच्या मनात देवापुढची साक्ष होऊन बसला होता.

असा मुलगा समोर आला की "देव मनात असला की झालं" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला हा दिलासा अपुरा वाटतो. ज्याची श्रद्धा लहानपणापासून आरतीत आणि नैवेद्यात वाढली, त्याच्या हातांना काही करायला लागतंच. घरी हे सगळं आई करायची, शेजारी करायचे, पंचांग भिंतीवर असायचं. तो त्यात फक्त उभा राहायचा. परदेशात ते घरच उरत नाही. त्यामुळे श्रद्धा गेल्यासारखी वाटते, पण बऱ्याचदा गेलेला असतो तो तिला धरून ठेवणारा गोतावळा. आता काय धरायचं आणि काय सोडायचं, हे आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः ठरवायची वेळ येते. मोठं होणं म्हणतात ते यातही असतं.

त्याला पुढची वाट मात्र माझ्याकडून नाही, ऑफिसातल्या एका तुर्की सहकाऱ्याकडून मिळाली. काही वर्षांपूर्वी रमजान जूनमध्ये आला होता, तेव्हा त्या सहकाऱ्याचे रोजे अठरा-अठरा तासांचे झाले होते. त्याहून उत्तरेला, जिथे सूर्य मावळतच नाही, तिथे काही जण मक्केची किंवा जवळच्या शहराची वेळ धरतात, हे त्यानेच सांगितलं. दूरदेशी वेळेचा प्रश्न आपल्या एकट्यालाच पडत नाही, आणि त्यावर श्रद्धाळू माणसांनी विचार करून उत्तरं काढली आहेत, हे कळल्यावर याचा जीव जरा भांड्यात पडला.

मग त्याने आईला खरं सांगितलं. त्या दिवशी खाल्लं होतं, आणि खोटं बोललो होतो. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, तुझे बाबा एसटीत होते. रात्रीच्या ड्युटीला डेपोत गाडी लागली की उपास सोडायचे. आणि पावसाळ्यात आम्हाला तरी कुठे चंद्र दिसतो? पंचांगातल्या वेळेला हात जोडतो." त्याला हे काहीच माहीत नव्हतं. वडिलांच्या दुखण्याबद्दल ती एवढंच म्हणाली, की डॉक्टर तंबाखू सोडायला वर्षानुवर्षं सांगत होते.

मुलांना व्हिडिओ कॉलवर देव्हारा दाखवायला लावणारे पालक मला भेटतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की अशी तपासणी करू नका, त्यापेक्षा तुम्ही स्वतः कुठे कुठे नियम वाकवून घेतले होते ते सांगा.

हा मुलगा आता संकष्टी धरतो. हिवाळ्यात म्युनिकचा चंद्र संध्याकाळी साडेसात-आठला येतो, तेव्हा तिथल्या वेळेला. उन्हाळ्यात सांगलीच्या वेळेला. रविवारी सकाळी अथर्वशीर्ष म्हणतो, चुकलं तर पुढे जातो. मंगळवार त्याने सोडला आणि तसं घरी सांगितलं. आईला ते पटलेलं नाही. त्यावर दोघांचं बोलणं अजून चालू आहे.