फार्मसी सोडून फ्रीलान्स लेखन करू का?

प्रिय विद्यार्थिनी,

फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, गुण चांगले आहेत, पण जीव लेखनात अडकलाय. पदवी अर्धवट सोडून पूर्णवेळ फ्रीलान्स लेखन करू का, असं तू विचारलंस. संपादकांना पाठवायला लिहिलेली स्वतःची ओळखही सोबत जोडलीस: 'मला लहानपणापासून वाचनाची आवड आहे. लेखन हा माझा श्वास आहे.' त्यात फार्मसीचा उल्लेखच नाही, आणि मला तेच सगळ्यात जास्त खटकलं.

तुझी आवड खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण आवडीवरून तुला कुठलं काम द्यावं, हे संपादकाला कळत नाही. तुला जे आतून माहीत आहे, त्यावरून ते कळतं. काही प्रतिजैविकं दुधाबरोबर घेतली की दुधातलं कॅल्शियम त्यांना चिकटतं आणि औषध पुरेसं शोषलं जात नाही. तुझ्यासाठी ही परीक्षेतली दोन गुणांची टीप आहे, पण गोळ्या घेणाऱ्या कितीतरी जणांना ती कुणी समजावून सांगितलेलीच नसते. ती साध्या भाषेत आणि अचूक लिहिणारी माणसं फार कमी आहेत. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे, पदवी पूर्ण कर.

पत्राच्या शेवटी तू ओझरतं लिहिलंस की पहाटे उठून पक्षी पाहतेस आणि वहीत तारीखवार नोंदी ठेवतेस. अगं, ही वही ओळखीत आली पाहिजे! 'निसर्गप्रेमी' म्हणण्यापेक्षा या नोंदींतून तुझा छंद जास्त दिसतो.

आता रोजच्या कामाबद्दल. फ्रीलान्स लेखकाचा निम्मा वेळ लेखनाबाहेर जातो. विषय सुचवणारी चार ओळींची मेल लिहायची, उत्तर आलं नाही तर आठवण करायची, दुरुस्त्या करायच्या, बिल पाठवायचं आणि मानधनाची वाट पाहायची. एखाद्या महिन्यात कामांची रांग लागते, पुढचा महिना कोरडा जातो. तुझ्या आईबाबांची काळजी रास्त आहे. काही महिन्यांचा खर्च शिल्लक असल्याशिवाय नोकरीचा पर्याय बंद करू नकोस.

काम स्वीकारण्यापूर्वी लेखी विचार: शब्दसंख्या किती, मानधन शब्दावर की लेखावर, ते छापून आल्यावर की लेख दिल्यावर, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, आणि स्वीकारलेला लेख छापला नाही तर काय. नाव कुणाचं लागणार, हेही विचार; दुसऱ्याच्या नावाने लिहिणं हा रीतसर व्यवसाय आहे, पण तो लेख आपला नमुना म्हणून सहसा दाखवता येत नाही. लेखकांच्या हक्कांबद्दलच्या १८८६च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील असलेल्या देशांमध्ये लेखन उतरताक्षणी त्यावर कॉपीराइट निर्माण होतो, नोंदणीची अट नसते. पण 'सर्व हक्क कायमचे हस्तांतरित' अशा ओळीखाली सही केलीस, तर तोच लेख पुढे पुस्तकात घ्यायलाही परवानगी मागावी लागेल. नवे लेखक ही ओळ वाचतच नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते.

येत्या सुट्टीत तीन लेख लिही, दोन औषधांवर आणि एक पक्ष्यांवर. औषधांचे लेख प्राध्यापकांकडून तपासून घे. मग ओळख नव्याने लिही आणि मला पाठव. 'श्वास' मात्र त्यातून काढून टाक.