स्टीअरिंग सरकतंय? कव्हर नंतर, आधी फडकं

वॉशिंग सेंटरमधून गाडी आणली की दोन-तीन दिवस स्टीअरिंग हातातून सरकतं. गाडी आठ वर्षांची आहे. कव्हर बसवू का? – एक वाचक, जुळे सोलापूर

थांबा. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉनचं पॉलिश पोऱ्याने त्याच फडक्याने स्टीअरिंगलाही फासलंय. त्यावर घाम आला की बुळबुळीत थर होतो. कव्हर घातलंत तर तेही त्याच थरावर फिरेल.

एक लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा कार शांपू टाका. मायक्रोफायबरचं फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि एका वेळी स्टीअरिंगचं पाव चाक पुसा. शिवणीत मऊ टूथब्रश फिरवा. मग साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने शांपू काढा, कोरडं करा. फडकं काळं निघायचं थांबेपर्यंत हेच. बहुधा दोन-तीन फेऱ्या लागतात. स्प्रे थेट मारू नका, पाणी हॉर्न आणि बटणांत उतरतं. मधल्या भागात एअरबॅग असते, तिथे उघडाउघडी नकोच.

पुढच्या वेळी सेंटरवर बजावून सांगा: स्टीअरिंगला आणि पेडलला पॉलिश नको. पेडलवरचं पॉलिश तर त्याहून घातक.

इतकं करूनही गुळगुळीतच लागलं, तर वरचा दाणा, म्हणजे पकड देणारा खरखरीतपणा, झिजलाय. मग कव्हर घ्या.

कव्हर कोणतं घ्यावं? आधीचं वळणावर गरकन फिरायचं. – होटगी रोड

माप न घेता आणलेलं असणार. टेपने चाकाच्या एका बाहेरच्या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत मोजा. बऱ्याच छोट्या गाड्यांचं माप ३६ ते ३८ सेंटिमीटर भरतं. चढवताना घाम काढणारं कव्हरच बरोबर बसतं. आधी अर्धा तास उन्हात ठेवा, म्हणजे नरम पडेल. बसवल्यावर गाडी उभी असताना दोन्ही हातांनी पिळून बघा. जरा जरी सरकलं, तर काढून टाका.

आमचं मत विचाराल तर सुई-दोऱ्याने शिवायचं, बारीक छिद्रांचं लेदर कव्हर घ्या. शिवायला दीड-दोन तास जातात, पण ते जागचं हलत नाही. मखमली, केसाळ कव्हर सोलापूरच्या हवेत घाम पिऊन कुबट होतं. फार जाड घेतलं तर लहान हातांची मूठ मिटत नाही.

मे महिन्यात दुपारी स्टीअरिंगला हातच लावता येत नाही. – विजापूर रोड

काचेला सनशेड लावा आणि चाकावर आपला सोलापुरी टॉवेल टाका. निघताना तो काढायचा. टॉवेल गुंडाळून गाडी चालवायची नाही. मोकळ्या जागेत लावताना स्टीअरिंग अर्धा फेरा फिरवून ठेवलं, तर धरायची बाजू उन्हापासून जरा वाचते.

पुण्याला पोहोचेपर्यंत बोटं बधिर होतात. – अशोक चौक

मूठ आवळून धरत असाल. घड्याळात पावणेतीन वाजता काटे असतात तिथे हात ठेवा, अंगठे कडेवर नुसते टेकवा. पाठ सीटला टेकवून हात लांब केल्यावर मनगट चाकाच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. पोहोचत नसेल तर सीट पुढे घ्या. ताशी ८०-१०० किलोमीटरच्या वेगात स्टीअरिंग थरथरत असेल, तर आधी व्हील बॅलन्सिंग (गाडीच्या चाकांचं वजन समतोल करणं) करून टायरची हवा तपासा. ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर मेकॅनिकला ब्रेकची डिस्क दाखवा. गाडी चालवत नसतानाही बोटं बधिर होत असतील, तर मेकॅनिक नव्हे, डॉक्टर गाठा.

सॅनिटायझरने पुसलं तर? – सात रस्ता

लेदरला नको. वरचा रंग निघतो आणि पुढे ते तडकतं.