उत्पादन वाढले, तरी माणसे का सोडून जातात?

आपला प्रश्न असा की, नवे विभागप्रमुख आल्यापासून सर्व निर्णय तेच घेतात, उत्पादन वाढले आहे, पगारही बाजारभावाप्रमाणे आहेत, तरीही अनुभवी माणसे राजीनामे देत आहेत. तेव्हा एकाधिकारी नेतृत्वाने कर्मचाऱ्यांचे समाधान घटते हे कितपत खरे मानावे? कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात बराच काळ काम केल्यानंतर माझे मत असे आहे की, उत्पादन वाढणे आणि समाधान घटणे या गोष्टी बऱ्याचदा हातात हात घालूनच येतात, आणि व्यवस्थापनाची फसगत नेमकी तिथेच होते.

या बाबतीत नॅन्सी मोर्स आणि एव्हरेट रायमर यांचा १९५६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. एका मोठ्या कंपनीतील कारकुनी कामाच्या विभागांपैकी काहींत निर्णयाचे अधिकार खालच्या कर्मचाऱ्यांना दिले गेले आणि काहींत ते वरिष्ठांच्या हाती आणखी एकवटले. वर्षभराने पाहिले तर उत्पादकता दोन्हीकडे वाढली होती; सहभागाच्या विभागांत सुमारे २० टक्के आणि कडक नियंत्रणाच्या विभागांत सुमारे २५ टक्के. समाधान मात्र पहिल्या ठिकाणी वाढले आणि दुसऱ्या ठिकाणी घटले. केवळ उत्पादनाचा तक्ता पाहणारा माणूस दुसऱ्या पद्धतीलाच शाबासकी देईल, आणि आपल्याकडे बहुधा तेच चालले आहे. ही वाढ माणसांच्या आपलेपणाच्या ठेवीतून काढलेली असते, आणि ठेव किती उरली हे मासिक अहवालाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३०च्या दशकाअखेर अमेरिकेत आयोवा येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर जो प्रसिद्ध प्रयोग केला, त्यातील एक निरीक्षण प्रत्येक विभागप्रमुखाने वाचावे असे आहे. हुकुमी नेत्याच्या ज्या गटांनी निमूटपणे मान तुकवली होती, ते नेता समोर असताना ७४ टक्के वेळ काम करीत, आणि तो बाहेर गेला की हे प्रमाण २९ टक्क्यांवर येई. लोकशाही पद्धतीच्या गटांत ते ५० वरून ४६ इतकेच उतरे. मुलांचे निष्कर्ष जसेच्या तसे कारखान्याला लावू नयेत हे मान्य, पण साहेब दौऱ्यावर गेले की विभागात काय घडते हे एकदा पाहा.

कामाच्या ठिकाणी ही घट कशी दिसते, हे थोडे जवळून सांगतो. सीएनसी लेथवरचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या यंत्रावरचा, जुना ऑपरेटर मशीनचा आवाज आणि चिपचा (धातूच्या किसाचा) रंग यांवरून इन्सर्ट (कापणारे टोक) झिजल्याचे ओळखतो. मात्र ‘विचारल्याशिवाय काहीही बदलायचे नाही’ असा हुकूम असेल आणि मागच्या वेळी बोलल्याबद्दल चारचौघांत पाणउतारा झाला असेल, तर तो मुकाट्याने नग काढत राहतो आणि रिजेक्शन दुसऱ्या दिवशी तपासणीत उघडे पडते. तो कामचुकार झालेला नसतो. ज्या कौशल्याचा त्याला अभिमान होता, त्याला तिथे किंमत उरलेली नसते. पगार वेळेवर मिळूनही असमाधान राहते ते यामुळे. अशा विभागात समाधानाचा सर्व्हे घेतला तर आकडे बरे येतात, कारण उत्तर कोणाच्या टेबलावर जाणार हे सगळ्यांना ठाऊक असते. राजीनाम्यात तर ‘वैयक्तिक कारण’ हेच दोन शब्द असतात. त्यांवरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

तरीही कडक शिस्त आणि एकाधिकार यांची गल्लत करू नये. भट्टीवर, उच्च दाबाच्या वाहिनीवर किंवा आग लागलेली असताना कोणी मते मागवत बसत नाही, आणि कामगारांनाही त्यात काही खटकत नाही. नवख्या माणसाला तर स्पष्ट हुकूम आधारासारखा वाटतो. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी भारतीय संस्थांचा विचार करून असा नेता मांडला, जो कामाबाबत आग्रही असतो, पण माणसांची काळजी घेतो आणि ती तयार होत जातील तसतसा त्यांना अधिक वाव देतो. आपल्याकडच्या अनेक करड्या साहेबांविषयी लोक निवृत्तीनंतरही आदराने बोलतात, ते याच वर्गातले असतात. जाच होतो तो कारण न सांगता दिलेल्या आणि प्रश्नच विचारू न देणाऱ्या हुकमाचा.

आपल्या विभागप्रमुखांची पद्धत एका बैठकीत बदलणार नाही, म्हणून सुरुवात एखाद्याच विषयापासून करावी. शिफ्टचे वेळापत्रक किंवा कामाच्या पद्धतीतील पुढचा बदल त्यासाठी योग्य ठरेल. अमेरिकेतील हारवूड या कपड्यांच्या कारखान्यात लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी हेच करून पाहिले होते. त्यांच्या १९४८च्या लेखानुसार, बदल नुसता कळवलेल्या गटातील १७ टक्के कामगार पहिल्या ४० दिवसांत नोकरी सोडून गेले, आणि ज्या गटांतील सर्वांनी बदल आखण्यात भाग घेतला, त्यांतून एकही गेला नाही. विभागप्रमुखांशी बोलताना ‘लोक नाराज आहेत’ असे म्हणू नका, ते त्यांना तक्रार वाटेल. गेलेल्या माणसांच्या जागी आलेल्यांना तयार करण्यात किती महिने आणि किती नग गेले, याचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा.