अंधारातली बाटली लावलीस का?

तुझा रात्री दीडचा मेसेज वाचला. हळदीतलं पिवळं रंगद्रव्य कर्क्युमिन निळ्या एलईडीच्या उजेडात रिॲक्शन चालवतं असं तुझं म्हणणं, पण तीच रिॲक्शन तीनदा केली आणि यील्ड, म्हणजे हाती आलेला माल, तीन तऱ्हेचं, वर गाईड म्हणतायत चांगला आकडा उचल आणि पेपर लिही. मला एवढंच सांग, अंधारातली बाटली लावलीस का? फॉइल गुंडाळून, बाकी सगळं तसंच? आणि एक उजेडात, पण हळदीशिवाय? नाही ना. वाटलंच.

चिडून बोलतोय, पण तुझ्यावर नाही. मी पीएचडीला पालकाचा अल्कोहोलमधला अर्क बेंझाल्डिहाइडमध्ये घालून गच्चीवर उन्हात ठेवायचो, मग बेंझोइक ॲसिडचे पांढरे स्फटिक यायचे, काय तो आनंद! क्लोरोफिलनेच केलं म्हणून अख्खा चॅप्टर लिहिला. दोन वर्षांनी एका ज्युनिअरने पालक न घालता बाटली उन्हात ठेवली, स्फटिक आलेच. अरे, बेंझाल्डिहाइड नुसत्या हवेनेही ॲसिड होतं, जुन्या बाटलीच्या बुचाखाली पांढरं जमलेलं मी रोज बघत होतो की! तो चॅप्टर अजून लायब्ररीत आहे. तेव्हा कोणी विचारलं नाही, गाईडनी नाही, परीक्षकांनी नाही, आणि ब्लँक, म्हणजे एखादी गोष्ट मुद्दाम वगळलेली तुलनेची बाटली, लावायची पद्धतही आमच्याकडे नव्हती... पण मी तरी कुठे विचारलं.

म्हणून झाडातली रंगद्रव्यं कुचकामी आहेत असं नाही हां. जर्मनीत शेंक नावाच्या केमिस्टनं 1940च्या दशकात अल्फा-टर्पिनीन (वनस्पतींच्या तेलातलं एक संयुग), क्लोरोफिल, हवा आणि ऊन एवढ्यावर ॲस्कॅरिडोल बनवलं, तेव्हाचं जंतांवरचं औषध. तिथे क्लोरोफिलचं काम कळतं, ते उजेड शोषतं, ऊर्जा ऑक्सिजनला देतं आणि तो चेतवलेला, म्हणजे सिंग्लेट, ऑक्सिजन टर्पिनीनला जाऊन जोडला जातो. तुझं कर्क्युमिन उजेडात स्वतःच तुटतं. दोन तासांत पिवळा रंग उडाला हे तूच लिहिलंयस, मग पुढचे दहा तास रिॲक्शन कोण चालवतंय? एलईडीची धग? पंखा होता का, बाटलीचं तापमान मोजलंस का? शिवाय बाजारातल्या कर्क्युमिनमध्ये त्याची दोन भावंडंही असतात, म्हणजे जवळची संयुगं, त्यामुळे मोल टक्के (रेणूंच्या हिशेबात किती घातलं ते) लिहिताना जपून. आणि ग्रीन, पर्यावरणाला जपणारं, म्हणून मिरवायचं नि माल शुद्ध करायच्या कॉलमवर लिटरभर डीसीएम (डायक्लोरोमिथेन, घातक सॉल्व्हंट) ओतायचं, हे तर... जाऊ दे, त्यावर नंतर भांडू.

सोमवारी एकाच दिवशी, एकाच बॅचमधून तीन बाटल्या लाव: पूर्ण, हळदीशिवाय, आणि अंधारातली. तिघींचा टीएलसी (मिश्रणातले घटक ठिपक्यांत वेगळे दाखवणारी चाचणी) एकाच प्लेटवर घे, फोटो पाठव. गाईडना काय सांगायचं ते मग बघू. अंधारातली राहिली असेल तर फोन करू नकोस, आधी ती लाव.