पक्षी दाखवायला निघालीस, म्हणून

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप परवा मिळाला. फेब्रुवारीत बारा जणांना घेऊन निघते आहेस. आधी उजनी, मग आंबोली, तिलारी आणि शेवटी गोवा. इतकी वर्षं टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटवर बसणारी तू यंदा पुढे ड्रायव्हरशेजारी बसणार, हे वाचून फार आनंद झाला. तू विचारलंस, "काका, सात दिवसांत किती जाती होतील?" पाणथळ आणि घाटातलं जंगल दोन्ही आहे, दीडशेचा आकडा अवघड नाही. पण हा प्रश्न तुला पाहुणे विचारतील. तू स्वतःला विचारू नकोस.

मी एवढ्या वर्षांत एकच कसोटी धरून राहिलो. आपण पोहोचायच्या आधी पक्षी जे करत होता, आपण समोर असतानाही तेच करत राहिला, तर आपण तो दाखवला. तो उठून गेला तर आपण त्याला पळवला, मग फोटो कितीही सुंदर येवो.

उजनीपासून सुरुवात करतेस ते बरं. पाण्यावरचे पक्षी मोठे असतात, उघड्यावर असतात, नवख्या माणसाला पहिल्याच सकाळी हुरूप येतो. मात्र पाण्याची पातळी आधी विचारून घे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि मागे मैलोन्‌मैल फुगवटा पसरला. पाऊस चांगला झालेल्या वर्षी तो हिवाळ्यात बराच काळ तुडुंब असतो, आणि तुडुंब पाण्यात रोहित पक्ष्याला, म्हणजे फ्लेमिंगोला, उभं राहायला जागा नसते. पाणी उतरू लागलं की काठाचा चिखल उघडा पडतो, त्या उथळ गाळात त्यांचं अन्न असतं. तेच पाणी आणखी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं. तेव्हा निघायच्या आठ दिवस आधी कुंभारगावच्या नावाड्याला फोन कर आणि "रोहित आलेत का" एवढंच न विचारता "चिखल कुठवर उघडा आहे" तेही विचार. तो तुला नेमकं सांगेल.

हे नावाडी मूळचे मासेमारी करणारे. चिलापी धरता धरता त्यांनी हे पाणी पाठ केलं आहे. गटाला त्यांची ओळख करून देताना "हे आपले नावाडी" असं म्हणून थांबू नकोस. आज आपल्याला पक्षी दाखवणार आहेत ते हे, असं सांग, आणि मग खरोखरच त्यांना बोलू दे. तू पुस्तकातलं नाव सांग, ते सांगतील की हा काल कुठल्या अंगाला बसला होता आणि वारा फिरला की कुठे जाईल.

होडीत एक गोष्ट बारकाईने बघ. चांगला नावाडी थव्यापासून बराच लांब इंजिन बंद करतो आणि पुढे बांबूने रेटत नेतो, तेही थेट थव्यावर नाही, तिरकं. रोहित चरताना डोकं उलटं करून चोच गाळात बुडवून असतात, नुसत्या वाकलेल्या गुलाबी पाठी दिसतात. होडी जवळ आली की आधी कडेच्या एकदोघांच्या माना वर होतात. तिथेच हात वर करून होडी थांबव. मग सगळ्या माना वर येतात, मग ते एका दिशेने चालू लागतात, पावलं भराभर पडू लागतात. पावलं भरभर पडली म्हणजे आपल्याला उशीर झाला. गटातला कोणीतरी म्हणेलच, "उडवा ना जरा, पंखांचा रंग दिसू दे." त्या वेळी शांतपणे सांग, की पोटभर चरायलाच ते इथे आलेत आणि दिवसात अशा किती होड्या येतात ते मोज. दहा मिनिटं गप्प बसलात तर माना पुन्हा खाली जातात. तो क्षण लोकांना दाखव. मला तो थवा उडण्यापेक्षा मोठा वाटतो, आणि एकदा पाहिलेली माणसं पुन्हा "उडवा" म्हणत नाहीत.

नावं मराठीत सांग. इंग्रजीही सांग, कारण पुढे नोंदी करताना लागतील, पण मराठी आधी. हळदी-कुंकू बदकाची चोच दुर्बिणीतून दाखव. टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचा ठिपका. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरं गंध लावलेला वारकरी. पसरट चोचीचा थापट्या, लांब टोकदार शेपटीचं तलवार बदक, काटक्यांसारख्या लाल पायांवर उभा शेकाट्या. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांनी पक्षी नीट पाहिला होता. माझ्याबरोबर एकदा सत्तरीच्या एक आजी होत्या. एकही इंग्रजी नाव त्यांच्या लक्षात राहीना, त्यामुळे आपल्याला काही जमत नाही असं वाटून त्या गप्प झाल्या होत्या. हळदी-कुंकू बदक एकदा सांगितलं आणि दुपारपर्यंत त्याच इतरांना ओळखून दाखवत होत्या.

संध्याकाळी होडी नको. काठाच्या रानात पट्टकदंब हंस चरायला येतात, तिथे बांधावर बसा. डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्या दाखव आणि सांग, की हे तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात आणि सात हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झाली आहे. मग बोलणं थांबव. शेत कोणाचं आहे ते आधी विचार, पीक तुडवू नका.

आता दुर्बिणीचं. पहिल्या रात्री जेवणानंतर अर्धा तास यासाठी ठेवच. ८ × ४२ ची दुर्बीण म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. नव्या माणसाला दहापटीपेक्षा ही बरी, हात हलला तरी चित्र कमी थरथरतं आणि जंगलात जास्त भाग नजरेत मावतो. प्रत्येकाला लावून दे. उजवं भिंग झाकायचं, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्पष्ट करायची. मग डावं झाकायचं आणि उजव्या डोळ्यापाशी असलेली कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करायची. कडी एकदा लागली की पुन्हा तिला हात लावायचा नाही, पुढचं सगळं मधल्या चाकावर. कितीतरी लोक वर्षानुवर्षं एका डोळ्याला धूसर बघत फिरतात आणि आपली नजर अधू झाली असं समजतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांकडे आणायची. मान खाली घालून दुर्बीण शोधली की पक्षी हरवलाच.

उजनी ते आंबोली हा दिवस प्रवासात जातो, त्याचं फार मनावर घेऊ नकोस. फक्त तारांवर लक्ष ठेव. नीलपंख दिसला तर गाडी सुरक्षित जागी थांबव, भले वाटेत तिसऱ्यांदा का असेना. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो हा पक्षी देशभर कमी होत चालला आहे. २०२३ च्या देशव्यापी अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला होता, त्यात नीलपंखाची घट ठळकपणे पुढे आली. हे कळलं कशावरून? तुझ्यामाझ्यासारख्या हौशी लोकांनी रोज केलेल्या साध्या नोंदींवरून. म्हणून गटाकडून ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, यादी करून घे, आणि तिच्यात साळुंकी, टिटवी, बगळेही मोजून लिहायला लाव. दुर्मीळ पक्षी सगळेच लिहितात. नेहमीचा पक्षी लिहायचा राहतो आणि मग तो कधी कमी झाला हे कोणालाच सांगता येत नाही.

आंबोलीत लोक पहिल्या सकाळी निराश होतील, हे धरून चाल. उजनीला दहा मिनिटांत वीस जाती झालेल्या असतात, इथे तासभर नुसता आवाज. चालत राहायचा मोह होईल, तेवढा टाळ. फेब्रुवारीत काटेसावर फुलते. आदल्या दिवशी एकटीने फिरून ऐन बहरातली एक सावर हेरून ठेव, पहाटे गटाला तिथे नेऊन बसव आणि दोन तास हलू नकोस. त्या लाल, मांसल फुलांत मध असतो, त्यावर पक्षी येतात आणि किड्यांवर येणारे वेगळे. आधी बुलबुल आणि मैना कलकलाट करत येतील, मग हरेवा, मग सूर्यपक्षी. भृंगराज आला की कान टवकार. तो दुसऱ्यांचे आवाज काढतो, त्यामुळे शिक्रा ऐकू आला म्हणून वर बघशील आणि शेपटीच्या दोन लांब काड्यांच्या टोकांची पिसं लोंबताना दिसतील. त्याच्या आजूबाजूला बऱ्याचदा मिश्र थवा असतो. निखार, नाचण, सुतार, सगळे एकदम येतात आणि पाच मिनिटांत पुढे सरकतात. त्या पाच मिनिटांत "तिकडे, तिकडे" असं ओरडू नकोस. झाडाला घड्याळ समज, शेंडा म्हणजे बारा. "दोन वाजता, बाहेरच्या फांदीवर, लाल" एवढं हळू आवाजात पुरतं.

शीळकरी कस्तुराची शीळ ऐकवीन असा शब्द कोणाला देऊ नकोस. तो मनसोक्त गातो पावसाळ्यात. आणि इथेच तुला कोणीतरी म्हणेल, "फोनवर आवाज आहे की, वाजवा, लगेच येईल." येईलही. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून, चरणं सोडून, भांडायला येईल आणि शोधत बसेल. तू वाजवू नकोस आणि गटात कोणाला वाजवू देऊ नकोस. हे निघायच्या आधीच लेखी कळव, जागेवर वाद नको.

तिलारीचं लिहिताना मला थोडं जड जातंय. पूर्वी मी तिकडच्या एका जंगलात धनेशाचं घरटं दाखवायला गट नेला होता. कोकणात त्याला ककणेर म्हणतात, तुला माहीतच आहे. मादी झाडाच्या ढोलीत शिरून दार आतून लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि अंडी उबवून पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून भरवत राहतो. आम्ही झाडापासून फार तर पंधरा पावलांवर उभे होतो. लोक पैसे भरून आलेत, त्यांना फोटो मिळायला हवा, हा विचार माझाच. नर आला, समोरच्या झाडावर बसला. त्याच्या चोचीत उंबर होतं, मला ते दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होतं. त्याने मान वाकडी करून आमच्याकडे पाहिलं. जागा बदलली, पुन्हा पाहिलं. जवळजवळ तासभर तो असा फिरत राहिला आणि शेवटी ते फळ तसंच चोचीत घेऊन दरीकडे निघून गेला. ढोलीच्या फटीतून चोचीचं टोक बाहेर येत होतं आणि आत जात होतं. गटातले लोक खूश होते, त्यांना फोटो मिळाले होते. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून तुला विनंती करतो, घरट्यावर गट नेऊ नकोस. धनेश दाखवायचे असतील तर पिकलेला वड किंवा उंबर शोध, स्थानिक मुलं एका दिवसात सांगतील. फळांवर ते उघडपणे येतात, आणि त्यांच्या पंखांचा तो दणदणीत फुसफुसाट डोक्यावरून गेला की लोकांना घरट्याची आठवणही राहत नाही.

गोव्यात मोलेच्या जंगलात बेडूकतोंड्या हा पक्षी दाखवणारे स्थानिक वाटाडे आहेत. जोडी दिवसभर एकमेकांना चिकटून वाळक्या पानासारखी बसलेली असते, समोर असून दिसत नाही. दोघा-दोघांना पुढे पाठव, प्रत्येकी दोन मिनिटं, विजेरी आणि फ्लॅश बंद. चोडणच्या सलीम अली अभयारण्यासाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघ. भरती असेल तर होडी खारफुटीच्या आत शिरते, ओहोटीला चिखल उघडतो आणि खेकड्यांवर खंड्या टपून बसतात. मला भरती उतरतानाची वेळ आवडते, दोन्ही थोडं थोडं मिळतं.

माणसांचंही सांभाळ. पहाटे होडीत बसण्यापूर्वी बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे ते स्वतः जाऊन बघ, नाहीतर त्या पाणीच पीत नाहीत आणि दुपारी कोणाचं तरी डोकं दुखतं. मोठी लेन्स घेऊन आलेला माणूस नेहमी पुढे घुसतो. पहिल्याच दिवशी त्याला प्रेमाने सांग, की पुढची जागा रोज बदलणार. आणि तीन तास गप्प बसणं कोणालाच जमत नाही, म्हणून मध्ये चहा ठेव, गाडीपाशी, तिथे मनसोक्त बोलू दे.

दरवेळी एकजण दुर्बिणीशिवाय येतो आणि संकोचून मागे राहतो. त्याच्यासाठी माझी जुनी दुर्बीण उद्या कुरिअरने पाठवतोय. उजव्या डोळ्याची कडी जरा घट्ट झाली आहे, अंगठ्याने हळू फिरव. पट्टा नवा घातला आहे. परत द्यायची घाई नाही.

तुझा,
काका