बाय गप्प झाली, म्हणून नोकरी सोडायची?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून एका वडिलांचे पत्र आले आहे. मुलगी गेल्या वर्षी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत ट्रेनी म्हणून लागली, त्याला सात महिने झाले. 'लॅबमध्ये काहीतरी टेस्टिंग करते,' असे ते लिहितात. पहाटे उठते, कंपनीची बस धरते, रात्री जेवते आणि झोपते. पूर्वीसारखी बोलत नाही. नोकरी झेपत नसावी, तेव्हा ती सोडून घरी बसून सरकारी नोकरीची तयारी करावी, नाहीतर वय निघून जाईल, असे त्यांना वाटते. आणि अगदी शेवटी: 'एकाने आकडा सांगितला आहे. काजूची बाग विकली तर जमेल. काय करू?'

शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. बाग विकू नका. 2024 च्या अखेरीस गोव्यात नोकरीच्या नावाने पैसे उकळल्याची किती प्रकरणे पोलिसांत गेली, किती जणांना अटक झाली, हे तुम्हीही वाचले असेल. त्यांत पैसे देणारे मूर्ख नव्हते, तुमच्यासारखेच घाबरलेले आईबाप होते. आणि समजा माणूस खरोखर आतला निघाला, तरी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही थेट गुन्हा आहे. तो आकडा तुम्ही माझ्यासाठी कागदावर लिहिला नाहीत, यावरून तुमचेही मन खात असणार असे मी धरते. त्या माणसाचा फोन पुन्हा उचलू नका.

आता तुमच्या भीतीविषयी. पत्राच्या मध्येच तुम्ही लिहिता, 'माझा स्वतःचा ट्रक होता.' एवढेच. पण डिचोलीत त्या वाक्याचा पुढचा भाग सांगावा लागत नाही. ज्यांचे खनिज हे ट्रक वाहत त्या लोहखनिजाच्या खाणी सप्टेंबर 2012 मध्ये थांबल्या, पुन्हा सुरू होतात न होतात तोच 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजचे नूतनीकरण रद्द केले, आणि दारात उभ्या ट्रकांच्या टायरांखाली गवत उगवले. ज्याने हप्ते भरत ते गवत पाहिले, त्याला सरकारी पगाराशिवाय दुसरे काही खरे वाटत नाही, हे मला कळते. पण ती भीती तुमची आहे. बाय तेव्हा शाळेत होती. तिच्या गप्प बसण्याला तुमच्या ट्रकाचे कारण लावू नका.

ती गप्प का, ते मी इथे बसून कसे सांगणार? एक अंदाज मात्र करते, कारण त्यातून मीही गेले आहे. पणजीत पहिल्या नोकरीला लागले तेव्हा पहिले तीन महिने म्युनिसिपल गार्डनच्या बाकावर एकटीने डबा खाल्ला. कोणी वाईट वागत नव्हते. कोणी काही बोलतच नव्हते, एवढेच. कॉलेजात सहा महिन्यांनी का होईना, मार्कशीट मिळते आणि आपण कुठे आहोत ते समजते. कामावर काम नीट झाले तर कोणी काही म्हणत नाही, चुकले तर मात्र बोलावणे येते. मैत्रिणी एक पुण्याला, एक बीएडला, एकीचे लग्न. आणि चवथ, आपला गणपतीचा सण! कॉलेजात असताना पाची दिवस घरात, रात्री आरत्या संपेपर्यंत जागरण. यंदा तिला किती रजा मिळाली? पाहुणे बसलेले असताना ती सकाळची बस धरायला निघाली असेल, तर तो दिवस तिला आठवत असणार. याला नोकरी न झेपणे म्हणत नाहीत. असे वर्ष बहुतेकांच्या वाट्याला येते. मात्र कंपनीत कोणी त्रास देत असेल, किंवा तिची झोपच उडाली असेल, तर गोष्ट वेगळी. मग थांबू नका, आधी तिचे ऐकून घ्या.

वय निघून जाण्याचे म्हणाल तर गोवा सरकारच्या जाहिराती काढून पाहा. बहुतेक पदांना वयोमर्यादा 45 वर्षांची असते. बाय बावीसची आहे. दुसरा गैरसमज याहून महाग पडतो: तयारी म्हणजे घरी बसणे. मी घरी बसलेली मुले पाहते. पहिला महिना वेळापत्रक भिंतीवर असते. तिसऱ्या महिन्यात गॅसचा सिलिंडर, आजीचे औषध, बँकेची पासबुके ही सगळी कामे 'रिकाम्या' मुलाकडे येतात. वर्ष सरले की वाड्यावरच्या प्रत्येक लग्नात 'काय झाले मग?' ऐकावे लागते आणि मूल लग्नांना जाणेच सोडते. आता गप्प आहे म्हणता, तेव्हा काय म्हणाल? शिवाय लॅबमधल्या कित्येक पदांना अनुभव मागतात, निदान त्याला वजन देतात. तो अनुभव ती आज पगार घेऊन मिळवते आहे.

सरकारी पदांसाठी गोव्याच्या कर्मचारी भरती आयोगाची परीक्षा नोकरी सांभाळून, रोज तासभर अभ्यास करून देता येते. त्यासाठी लागणारी कोकणी तर तिची घरचीच. एम्प्लॉयमेंट कार्ड चालू ठेवा. एमएस्सी करायची असेल तर ते तिने ठरवावे, आणि निदान वर्ष पूर्ण झाल्यावर.

तुमचे पत्र चार पानांचे आहे. त्यात तिच्या कामाबद्दल 'काहीतरी टेस्टिंग' यापलीकडे शब्द नाही. ती ज्या गोळ्या तपासते त्यातली एखादी तुमच्या घरातल्या कपाटातही असू शकेल. येत्या रविवारी नोकरी, परीक्षा, लग्न यातले काही काढू नका. ती दिवसभर नेमके काय करते, यंत्र कसे चालते, चूक झाली तर काय होते, एवढेच विचारा. ट्रकाचा गिअर कसा टाकतात हे ती लहानपणी तुम्हाला विचारत असेल, तेव्हा तुम्ही सांगितले असेलच ना, तसे तिला सांगू द्या.