जुन्या फोनला कोणती बॅटरी घ्यावी?

प्रश्न : आईचा फोन सहा वर्षांचा आहे. तिला तोच हाताळायची सवय आहे, नवा नको म्हणते. पण ३० टक्के चार्ज दिसत असतानाच तो एकाएकी बंद पडतो, फोटो काढताना तर हमखास. मूळ बॅटरीची क्षमता ३००० एमएएच आहे. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. एक, फोनच्याच कंपनीची, फोनच्याच काळात बनलेली, आजवर पाकीटबंद राहिलेली. दुसरी, वेगळ्या कंपनीची पण अलीकडे बनलेली, तेवढ्याच क्षमतेची. तिसरी अगदी त्याच मापाची, पण तिच्यावर ४५०० एमएएच लिहिलंय. मला तिसरीचा मोह होतोय. काय करू?

उत्तर : तिसरी घेऊ नका. तेवढ्याच जागेत दीडपट वीज कुठून येणार? नेहमीच्या लिथियम-आयन सेलमध्ये एका किलोला साधारण २५० वॉट-तास ऊर्जा मावते. तुमच्या मूळ बॅटरीवर ३.८५ व्होल्ट छापलेलं असेल, तर ३००० एमएएचचे होतात साडेअकरा वॉट-तास, म्हणजे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. ४५०० खरे असतील तर ते ७० ग्रॅमकडे जायला हवं. दुरुस्तीच्या टेबलावर मी छोटा वजनकाटा ठेवते आणि नवी बॅटरी आधी त्याच्यावर ठेवते. लेबलवर काहीही छापता येतं, वजन मात्र लपत नाही.

पहिल्या पर्यायाबद्दल सांगायला मला वाईट वाटतं, कारण लोक ‘ओरिजिनल’ म्हणून विश्वासाने घेतात. पाकीटबंद म्हणजे ताजी नव्हे. बॅटरी वापरली नाही तरी बनल्या दिवसापासून म्हातारी होत जाते, उष्ण जागी तर लवकरच. शिवाय पडून राहिली की ती हळूहळू उतरते. फार खाली उतरली तर आतलं तांबं विरघळू लागतं, आणि अशी बॅटरी पुन्हा चार्ज केली की आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो.

म्हणून दुसरी घ्या. पण आधी लेबल नीट वाचा. एमएएचपेक्षा मी व्होल्टचे दोन आकडे आधी बघते. एक नेहमीचा व्होल्टेज, दुसरा चार्जिंगची कमाल मर्यादा. जुन्या सेलमध्ये ही जोडी ३.७ आणि ४.२ असायची, नंतर ३.८ आणि ४.३५ आली, मग ३.८५ आणि ४.४. चार्ज कुठवर करायचा हे फोन ठरवतो. तुमचा फोन ४.४ व्होल्टपर्यंत नेत असेल आणि सेल ४.२ चा असेल, तर तो प्रत्येक वेळी मर्यादेबाहेर चार्ज होईल. तो फुगेल, आणि धोका फुगण्यावरच थांबत नाही. तेव्हा दोन्ही आकडे जुन्या बॅटरीशी तंतोतंत जुळले पाहिजेत. पार्ट नंबरही शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून बघा, एका अक्षराच्या फरकाने कनेक्टर वेगळा निघतो.

३० टक्क्यांवर बंद पडण्याचं कारणही सांगते. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून करंटला होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा, फ्लॅश एकदम जास्त करंट ओढतात, तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला बंद करतो. तुम्ही सांगितलेली लक्षणं बॅटरीकडेच बोट दाखवतात. मात्र फोन टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल किंवा स्क्रीनची कड उचलली गेली असेल, तर बॅटरी फुगली आहे. मग नवी येईपर्यंतही आईला तो चार्ज करू देऊ नका.

बदलण्याचं काम जाणकाराकडून करून घ्या. बॅटरी आत चिकटवलेली असते, आणि स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना भोक पडलं तर पेट घेते. फोन देण्यापूर्वी चार्ज २५ टक्क्यांखाली उतरू द्या. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

बसवल्यावर एक तपासणी घरीच करा, फोन अँड्रॉइड असेल तर. बॅटरीच्या कनेक्टरला प्लस-मायनसखेरीज आणखी पिना असतात. बऱ्याच फोनमध्ये त्यातली एक तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरची असते. हलक्या दर्जाच्या बॅटऱ्यांत काही जण थर्मिस्टरऐवजी तापमानाने न बदलणारा साधा रेझिस्टर लावतात. मग बॅटरी कितीही तापली तरी फोनला ती गारच वाटते आणि तो चार्जिंग कमी करत नाही. बॅटरीचं तापमान दाखवणारं एखादं ॲप घ्या, फोन चार्जिंगला लावून व्हिडिओ चालू ठेवा. पाठ हाताला गरम लागतेय आणि आकडा जागचा हलत नाहीये, असं दिसलं तर चार्जर काढा आणि बॅटरी परत करा.